स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरक-उपचार आणि सांधे-स्नायूंची वेदना : स्वरूप, कारणे व व्यवस्थापन

बीजसंज्ञा : स्तनाचा कर्करोग, संप्रेरक-उपचार, अरोमाटेज-रोधक औषधे, सांधेदुखी, उपचार-सातत्य

प्रास्ताविक

कर्करोगावरील उपचार म्हटले की शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार या तीन गोष्टी सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर येतात. केस गळणे, उलट्या होणे, तोंड येणे हे या उपचारांचे परिणाम दृश्य असल्यामुळे कुटुंबीयांना व सहकाऱ्यांना ते सहज समजतात आणि रुग्णाविषयी आस्था निर्माण होते. स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र यानंतर एक दीर्घ आणि अदृश्य टप्पा सुरू होतो. केस पुन्हा आलेले असतात, रुग्ण स्त्री कामावर रुजू झालेली असते, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली असते. आणि याच काळात ती रोज एक लहानशी गोळी घेत असते. ही गोळी किमान पाच वर्षे, काही रुग्णांच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ घ्यावयाची असते. सांधे व स्नायूंच्या ज्या वेदनेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे, ती प्रामुख्याने या टप्प्यातील वेदना होय.

ही वेदना जीवघेणी नाही. तिच्यामुळे सांध्यांची कायमची झीज होते असेही दिसत नाही. तरीही ती गंभीरपणे घेण्याचे कारण असे की, ती असह्य झालेल्या अनेक स्त्रिया कोणालाही न सांगता गोळी घेण्याचे थांबवतात. अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियातील ८,७६९ रुग्ण स्त्रियांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. संप्रेरक-उपचार ठरलेल्या मुदतीपर्यंत आणि ठरलेल्या प्रमाणात घेणाऱ्या स्त्रिया त्यात निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे ४९ टक्के इतक्याच आढळल्या. गोळी थांबविण्यामागे कारणे अनेक असतात. परंतु या वर्गातील औषधांबाबत सांधेदुखी हे त्यांतील एक प्रमुख कारण मानले जाते.

गोळीचे कार्य आणि तिचे महत्त्व

स्तनाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये कर्कपेशींच्या वाढीस इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे साहाय्य होते. रजोनिवृत्तीपूर्वी हे संप्रेरक मुख्यत्वे बीजांडकोशांत तयार होते. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशांचे हे कार्य थांबते. पण इस्ट्रोजेनची निर्मिती पूर्णपणे थांबत नाही. अधिवृक्क ग्रंथींमधून येणाऱ्या पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर मेदपेशी, स्नायू व अन्य ऊतींमध्ये इस्ट्रोजेनमध्ये होत राहते. हे रूपांतर घडवून आणणाऱ्या विकराचे नाव अरोमाटेज. ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही तीन औषधे या विकराचे कार्य रोखतात, म्हणून त्यांना अरोमाटेज-रोधक औषधे असे म्हणतात. ज्या स्त्रियांची रजोनिवृत्ती झालेली नाही, त्यांना ही औषधे द्यावयाची झाल्यास बीजांडकोशांचे कार्य थांबविणारा उपचार सोबत द्यावा लागतो.

या औषधांचे मोल केवढे आहे, हे २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणावरून स्पष्ट होते. ३१,९२० स्त्रियांची माहिती त्यात अभ्यासली गेली. टॅमॉक्सिफेन या जुन्या औषधाच्या तुलनेत पाच वर्षे अरोमाटेज-रोधक औषध घेतल्यास दहा वर्षांतील स्तन-कर्करोगजन्य मृत्यूंचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी, आणि कोणताही संप्रेरक-उपचार न घेण्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते, असे त्यातून दिसून आले. अर्थात, दुखऱ्या बोटांमुळे जी गोळी डब्यात तशीच पडून राहते, ती साधी गोळी नव्हे.

वेदनेचे स्वरूप

अरोमाटेज-रोधक औषधे घेणाऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांना सांध्यांची वेदना किंवा ताठरता जाणवते. टॅमॉक्सिफेन आणि ॲनास्ट्रोझोल यांची तुलना करणाऱ्या, 'अटॅक' या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध असलेल्या चाचणीचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये जाहीर झाले. पुढे तिच्या दीर्घकालीन निरीक्षणात सांध्यांच्या तक्रारींचे प्रमाण ॲनास्ट्रोझोल गटात ३५.६ टक्के, तर टॅमॉक्सिफेन गटात २९.४ टक्के नोंदविले गेले. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते, तिचा उल्लेख सहसा होत नाही. या वयोगटातील स्त्रियांमध्ये सांधेदुखी मुळातच मोठ्या प्रमाणावर असते. त्यामुळे दुखणे गोळीमुळे आहे की गोळीशिवायही झालेच असते, हे प्रत्येक वेळी निश्चितपणे सांगणे शक्य नसते.

तरीही या वेदनेची काही लक्षणे ओळखता येतात. औषध सुरू केल्यानंतर साधारणतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती सुरू होते. ती बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते. हाताची बोटे, मनगटे आणि गुडघे यांना ती अधिक ग्रासते. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. बसून उठताना पहिली काही पावले अवघड जातात, थोडे चालल्यावर सांधे मोकळे होतात. काही जणींच्या बोटाचा सांधा वाकवल्यावर अडकतो, तर काहींना मनगटातील चेता दाबली गेल्यामुळे रात्री हाताला बधिरपणा येतो. चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांत मनगट व बोटांच्या स्नायुबंधांभोवतीचे आवरण जाड झाल्याचे आणि तेथे द्रव साठल्याचे आढळले आहे. हाताची पकडही कमी झालेली दिसते. म्हणजेच 'मनाचे खेळ' म्हणून ही तक्रार बाजूला सारता येत नाही. इस्ट्रोजेनची पातळी एकाएकी खालावल्यामुळे वेदनेची जाणीव तीव्र होत असावी, असेही मानले जाते. नेमकी कारणमीमांसा अद्याप पूर्ण झालेली नाही.

वेदनेची भाषा

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे वेदना शब्दांत मांडण्याची बाब होय. वेदना मोजण्याचे यंत्र नाही. वैद्यकाला रुग्णाच्या सांगण्यावरच विसंबावे लागते. आणि मराठी स्त्रीच्या सांगण्यात 'अंग दुखते' या दोन शब्दांपलीकडे बहुधा काही येत नाही. वास्तविक पाहता मराठी भाषा या बाबतीत अत्यंत संपन्न आहे. सांधे धरतात, बोटे आखडतात, गुडघा ठणकतो, कंबरेत चमक निघते, पायांना मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, तळवे जळजळतात, अंग मोडून येते. यांतील प्रत्येक शब्दप्रयोग वेगळ्या अनुभवाकडे, आणि पुष्कळदा वेगळ्या कारणाकडे निर्देश करतो.

सकाळी 'धरणारे' आणि हालचालीनंतर सुटणारे सांधे हे अरोमाटेज-रोधक औषधाच्या परिणामाशी जुळणारे वर्णन होय. 'मुंग्या', 'बधिरपणा' आणि 'जळजळ' हे शब्द तळपाय व बोटांच्या टोकांबाबत येत असतील, तर पॅक्लिटॅक्सेलसारख्या रसायनोपचारामुळे चेतातंतूंना झालेली इजा विचारात घ्यावी लागते. तिचा उपचार निराळा आहे. रसायनोपचार चालू असताना सलाईन लावल्यानंतर एक ते तीन दिवसांत 'अंग मोडून' येत असेल आणि आठवडाभरात ते ओसरत असेल, तर तो याच गटातील औषधांचा तात्पुरता परिणाम असतो. पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनानंतर कंबर, नितंब आणि छातीच्या मधल्या हाडात जो ठणका लागतो, त्याचे कारण अस्थिमज्जेची वाढलेली क्रिया हे होय. या दोन्ही प्रकारांत वेदनेचे वेळापत्रक जवळजवळ ठरलेले असते आणि ते आधी माहीत असल्यास निम्मी भीती आपोआप कमी होते. हाडांच्या बळकटीसाठी दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस कणकण व अंगदुखी होते, तीही याच जातीची.

याउलट, एकाच ठिकाणी रुतून बसलेली, विश्रांतीनेही न शमणारी, रात्री झोपेतून उठविणारी आणि आठवड्यागणिक वाढत जाणारी हाडाची वेदना ही वेगळी गोष्ट आहे. तिची तपासणी लांबणीवर टाकू नये, कारण कर्करोग हाडांत पसरल्याचे ते लक्षण असू शकते. पाठीच्या अशा वेदनेसोबत पायांतील शक्ती कमी झाली किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण गेले, तर ते मज्जारज्जूवर दाब आल्याचे चिन्ह असून त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. एकाच पोटरीला सूज व दुखणे असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते.

या भेदाचे महत्त्व केवळ वैद्यकीय नाही. कर्करोगातून बाहेर आलेल्या स्त्रीच्या मनात प्रत्येक दुखण्यासोबत 'तो परत आला असेल काय' हा प्रश्न उभा राहतो. ती भीती उच्चारणे अशुभ वाटते, म्हणून ती गप्प राहते. आणि घरातील मंडळी 'वात आहे', 'वय झाले', 'मागे चिकनगुनिया झाला होता ना' अशी उत्तरे देऊन मोकळी होतात. यांतील तिसरे उत्तर अगदीच निराधार नाही. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकनगुनियाची मोठी साथ आली होती, २०२४ मध्येही राज्यात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि या आजारानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळू शकते. ड जीवनसत्त्वाची कमतरता, अवटु ग्रंथीचे मंदावलेले कार्य, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील औषधे हीदेखील स्नायू व सांधे दुखण्याची नेहमीची कारणे आहेत. मात्र ही कारणे तपासून ठरवावयाची असतात. रुग्णाची समजूत घालण्यासाठी वापरावयाची नसतात.

व्यवहारात एक साधी नोंदवही फार उपयोगी पडते. दुखणे कोठे, दिवसाच्या कोणत्या वेळी, शून्य ते दहा या मापावर किती, आणि कोणते काम त्यामुळे अडले, एवढेच तीत लिहावे. यांतील शेवटचा रकाना सर्वांत बोलका असतो. 'वेदना सात' या आकड्यापेक्षा कणीक मळता येत नाही, ओला टॉवेल पिळता येत नाही, साडीच्या निऱ्या घालताना बोटे अडतात, विळीवर बसता येत नाही ही वाक्ये वैद्यकाला अधिक सांगून जातात.

व्यायाम : सर्वांत भरवशाचा, सर्वांत कमी पाळला जाणारा उपाय

दुखणाऱ्या सांध्यांना विश्रांती द्यावी, हा आपल्याकडील रूढ समज आहे. या विशिष्ट वेदनेच्या बाबतीत पुरावा त्याच्या विरुद्ध दिशेचा आहे. अमेरिकेत 'होप' या नावाने झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अरोमाटेज-रोधक औषधांमुळे सांधेदुखी असलेल्या १२१ स्त्रियांचा समावेश होता. एका गटाला आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम देण्यात आला. दुसऱ्या गटाची नेहमीची दिनचर्या चालू राहिली. वर्षअखेरीस व्यायाम करणाऱ्या गटातील तीव्रतम वेदनेचा गुणांक २९ टक्क्यांनी घटला, तर दुसऱ्या गटात तो ३ टक्क्यांनी वाढला. या स्त्रियांनी देखरेखीखालील सत्रांपैकी सरासरी ७० टक्के सत्रांनाच हजेरी लावली होती, हेही नमूद करण्याजोगे आहे. व्यायामात खंड पडला म्हणजे सर्व व्यर्थ गेले, असे मानण्याचे कारण नाही.

'घरचे काम हाच व्यायाम' हे विधान वारंवार ऐकू येते. घरकामाने थकवा येतो, यात शंका नाही; पण त्यातील हालचाली त्याच त्या असतात, त्या बहुधा वाकून किंवा उकिडवे बसून केल्या जातात आणि मांड्या, नितंब व खांदे यांच्या स्नायूंना क्रमाक्रमाने बळकटी देण्याचे कार्य त्यांतून होत नाही. आरंभ दहा मिनिटांच्या चालण्याने करावा आणि दर आठवड्याला काही मिनिटे वाढवावीत. सकाळची ताठरता असताना घाई करू नये. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडझाप केल्यावर ती लवकर सुटते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून दंड काढणे, अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या उचलणे एवढ्या साधनांवर बळकटीचे व्यायाम घरी होऊ शकतात. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला सूज असेल अथवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाशिवाय वजन उचलू नये. योगाभ्यासाबाबतही अनुकूल निष्कर्ष मिळालेले आहेत. मात्र गुडघे दुखत असताना वज्रासनाचा अट्टहास नको, खुर्चीवरील आसने पुरतात.

इतर उपाय आणि त्यांची मर्यादा

ॲक्युपंक्चरची २२६ स्त्रियांवरील चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनंतर शून्य ते दहा या मापावरील वेदना खऱ्या ॲक्युपंक्चरने सुमारे दोन अंकांनी, तर देखाव्यापुरत्या ॲक्युपंक्चरने आणि काहीच उपचार न घेणाऱ्या गटात सुमारे एका अंकाने कमी झाली. ड्युलोक्सेटिन या औषधाच्या २९९ स्त्रियांवरील चाचणीत बारा आठवड्यांच्या काळात निर्गुण गोळीपेक्षा सरासरी ०.८२ अंकाचा अधिक लाभ दिसला. औषध थांबविल्यानंतर दोन्ही गट पुन्हा सारखे झाले. हे लाभ खरे आहेत. पण ते बेताचे आहेत.

ओमेगा-३ मेदाम्लांची चाचणी मात्र वेगळ्याच कारणासाठी उद्बोधक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २४९ स्त्रियांपैकी काहींना ओमेगा-३ च्या व काहींना साध्या तेलाच्या गोळ्या दिल्या गेल्या. दोन्ही गटांतील वेदना लक्षणीयरीत्या, आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी झाली. याचा एक अर्थ असा की, ओमेगा-३ चा विशेष उपयोग नाही. दुसरा अर्थ असा की, कोणीतरी ठरावीक काळाने नेमाने विचारपूस करणे, दुखण्याची नोंद घेणे आणि त्याला नाव देणे याचाही काही परिणाम होत असावा. काळाच्या ओघात वेदना थोडीफार ओसरतही असावी. महागडी पूरके विकणाऱ्यांकडे 'ही गोळी घेतली आणि बरे वाटले' अशी उदाहरणे नेहमीच असतात, त्यांचे इंगित या चाचणीत आहे.

शेक, मालीश आणि वेदनाशामके यांबाबत थोडी सावधगिरी हवी. तळपायांना बधिरपणा असताना गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी ते लगेच कळत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हाताला शेक देऊ नये, जोरकस मालीशही करू नये. पोटरीत गुठळीची शंका असेल किंवा कर्करोग हाडांत पसरलेला असेल, तर त्या भागाला चोळणे धोक्याचे असते. रसायनोपचार चालू असताना पॅरासिटॅमॉल घेण्यापूर्वी ताप मोजावा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप या काळात जंतुसंसर्गाचे गंभीर लक्षण असू शकतो आणि गोळीने तो झाकला जातो. डायक्लोफेनॅकसारखी औषधे मूत्रपिंड, जठर आणि रक्तस्राव यांच्या दृष्टीने जोखमीची असल्यामुळे औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. सांधेदुखीवर 'रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटकांची नोंद नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याची उदाहरणे आढळून आली आहेत; त्यांनी दोन दिवसांत आराम पडतो, हीच त्यांच्याविषयी संशय घेण्याची खूण होय. नव्याने प्रचलित झालेल्या प्रतिकारशक्ती-उपचारांमुळे होणारी सांध्यांची सूज किंवा स्नायूंची दुर्बलता तर कोणत्याही घरगुती उपायाने हाताळू नये. तीत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली असते आणि क्वचित हृदयाच्या स्नायूंनाही धोका पोहोचतो.

गोळी बदलण्याचा पर्याय

इतके करूनही वेदना असह्य राहिली, तर गोळी सहन करणे किंवा सोडणे एवढे दोनच मार्ग उरतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. तिन्ही अरोमाटेज-रोधक औषधे एकाच प्रकारे कार्य करीत असली, तरी एक न सोसणाऱ्या स्त्रीला दुसरे सोसते, असा अनुभव आहे. फ्रान्समधील एका अभ्यासात वेदनेमुळे ॲनास्ट्रोझोल सोडलेल्या १७९ स्त्रियांना महिनाभराच्या विरामानंतर लेट्रोझोल देण्यात आले. सहा महिन्यांनंतर त्यांपैकी ७१.५ टक्के स्त्रिया ते घेत होत्या. वेदना त्यांच्यापैकी अनेकींना होतीच. पण ती सोसण्याइतकी होती. याशिवाय टॅमॉक्सिफेनकडे वळण्याचा मार्गही खुला असतो. त्याचे स्वतःचे धोके आहेत, परंतु कोणताच संप्रेरक-उपचार न घेण्यापेक्षा तो निश्चितच सरस ठरतो. आखून दिलेला विराम निदानाच्या दृष्टीनेही उपयुक्त असतो. गोळी थांबविल्यावर काही आठवड्यांत दुखणे ओसरले, तर कारण गोळीच होती हे कळते. न ओसरल्यास अन्य कारणाचा शोध घ्यावा लागतो. हा विराम वैद्यकाच्या नोंदीत असणे मात्र आवश्यक आहे. नोंदीत नसलेल्या विरामामुळे पुढील तपासणीत वैद्यक 'गोळी चालू आहे' असे गृहीत धरून निर्णय घेतो.

कामाच्या ठिकाणी

महाविद्यालयांत या टप्प्यातील सहकारी असणे आता दुर्मीळ राहिलेले नाही. उपचार 'संपले' या समजुतीने त्यांच्याकडे पूर्वीचाच कार्यभार येतो आणि तक्रार करणे त्यांना संकोचाचे वाटते. ज्या शारीरिक हालचालींना ही वेदना अडविते, त्या अध्यापनाच्या पेशात नेमक्या वारंवार येतात. खडू धरून फळ्यावर लिहिणे, सलग तीन तास उभे राहून पर्यवेक्षण करणे, एका बैठकीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासणे, तिसऱ्या मजल्यावरील वर्ग गाठणे या त्या हालचाली होत. सकाळच्या सत्रात साडेसातचा पहिला तास असणाऱ्या अध्यापिकेच्या सांध्यांची ताठरता त्या वेळी ऐन भरात असते. वेळापत्रक समितीने तोच तास साडेनऊला ठेवला, वर्ग तळमजल्यावर दिला, पर्यवेक्षणाच्या दालनात एक खुर्ची ठेवली आणि तपासणीच्या कामात दर अर्ध्या तासाने उठण्याची मुभा दिली, तर त्यासाठी कोणत्याही स्वतंत्र तरतुदीची अथवा परिपत्रकाची गरज पडत नाही. जाड दांड्याचे पेन, फळ्याऐवजी प्रक्षेपक, पुस्तकांसाठी खांद्यावरच्या पिशवीऐवजी चाकांची बॅग या गोष्टी तर अध्यापिकेला स्वतःच ठरविता येतात.